रात्रीची शुगर उतरू नये म्हणून इन्सुलिनची वेळ कशी लावावी

घरात कुणाला नव्याने इन्सुलिन सुरू झालं की सगळे एकच विचारतात, "किती युनिट?" किती वाजता, हे फारसं कुणी विचारत नाही. मग एखाद्या रात्री दीड-दोनला पेशंट घामाने चिंब होऊन उठतो, हात थरथरतात, नाहीतर झोपेतच बरळतो आणि घरचे घाबरतात. दुसऱ्या दिवशी कुणी मनाने पाच युनिट कमी करतं, कुणी रात्रीची सुईच बंद करतं. दोन्ही चूक. प्रत्येक इन्सुलिनचा जोर चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ ठरलेला असतो. तो तुमच्या जेवणाशी, कामाशी आणि झोपेशी जुळला नाही की शुगर उतरते. म्हणून आधी तास शोधायचा, मग त्या तासाला कोणतं इन्सुलिन जोरात असतं ते बघायचं आणि मगच युनिटला हात लावायचा.

युनिट आणि वेळ बदलण्याचा अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण नेमकी माहिती समोर ठेवली तर त्यांना पाच मिनिटांत निर्णय घेता येतो, आणि ती माहिती घरीच तयार करावी लागते. साताऱ्या-सांगलीकडच्या घरांत ती कशी करायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी जवळ काय हवं

- चालू ग्लुकोमीटर आणि निदान २० पट्ट्या. मुदत संपलेल्या पट्ट्या वापरू नका.
- एक वही. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण वही घरातल्या सगळ्यांना दिसते.
- इन्सुलिनची बाटली किंवा पेन, खोक्यासकट. खोकं फेकू नका.
- सध्या वापरता ती सिरिंज किंवा पेनची सुई.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, बीपी-हृदयाच्यासुद्धा.
- मागच्या तीन-सहा महिन्यांतले रिपोर्ट: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी).
- उशाशी ठेवायला ग्लुकोज पावडर आणि पाण्याचा तांब्या.

१. खोक्यावरचं नाव वाचा

"रात्रीचं इन्सुलिन" एवढ्याने काही कळत नाही. आपल्याकडे रात्री घेतली जाणारी इन्सुलिनं साधारण चार जातींची असतात आणि प्रत्येकीची चाल वेगळी.

*एनपीएच.* हे दुधासारखं गढूळ असतं. इन्सुलाटार्ड, ह्युमिन्सुलिन एन, इन्सुजेन एन ही त्यातली नावं. घेतल्यावर दीड-दोन तासांनी कामाला लागतं, ४ ते १० तासांच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतं आणि १२ ते १८ तासांत संपतं. स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळतं, पण त्याला चढ आहे. तो चढ मध्यरात्री आला की शुगर उतरते.

*मिक्स.* मिक्स्टार्ड, इन्सुजेन ३०/७०, ह्युमिन्सुलिन ३०/७०. यात ३० टक्के साधं, लवकर काम करणारं इन्सुलिन आणि ७० टक्के एनपीएच एकाच बाटलीत असतं. हेही गढूळ. गावाकडे सगळ्यात जास्त हेच दिसतं आणि सगळ्यात जास्त घोटाळाही याचाच होतो, कारण लोक याला "रात्रीचं" म्हणतात. खरं तर हे जेवणाचं इन्सुलिन आहे. जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. नोवोमिक्ससारखी नवी मिश्रणं लवकर चालू होतात, ती ताट पुढ्यात आल्यावर घेतली जातात. रायझोडेगमध्येही जेवणाचा भाग आहे, तेही जेवणाबरोबरच.

*ग्लार्जिन.* लँटस, बेसालॉग, ग्लॅरिटस. पाण्यासारखं स्वच्छ. जवळपास सपाट चालतं आणि २० ते २४ तास टिकतं. काही जणांत मधे थोडा उंचवटा येतो आणि शेवटच्या दोन-तीन तासांत जोर कमी होतो. टूजिओ हे यातलंच तिप्पट दाट इन्सुलिन. ते आणखी सपाट चालतं आणि २४ तासांपेक्षा जास्त टिकतं.

*डेग्लुडेक.* ट्रेसिबा. ४२ तासांहून जास्त टिकतं, म्हणजे आजची सुई उद्या रात्रीही थोडी काम करत असते.

खोक्यावरचं नाव वहीच्या पहिल्या पानावर जसंच्या तसं उतरवून काढा. मेडिकलमधून दर महिन्याला बाटली आणली की त्या नावाशी ताडून बघा. "तेच आहे, कंपनी वेगळी" असं सांगून काही वेगळं हातात आलं, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय टोचू नका.

२. बाटली आणि सिरिंजची जोडी तपासा

हे पाऊल गाळू नका. भारतात इन्सुलिनची बाटली दोन ताकदींत मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० च्या सिरिंजचं केशरी.

१०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी झाली, तर सिरिंजवरच्या १० च्या रेघेपर्यंत ओढलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात २५ युनिट भरतं. अडीच पट. असली रात्र जिवावर बेतू शकते. उलट झालं, म्हणजे ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज, तर १० च्या जागी फक्त ४ युनिट जातात, शुगर वाढते आणि डोस विनाकारण वाढवला जातो. मग कधीतरी योग्य सिरिंज हातात येते आणि तो वाढवलेला डोस पुरता अंगावर येतो.

पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने कधीही ओढू नका. पेन बिघडलं, सुई संपली, तरी नाही. टूजिओच्या बाबतीत तर एका मिलिलिटरमध्ये ३०० युनिट असतात.

३. शुगर कोणत्या तासाला उतरते ते शोधा

नेहमीच्या दिनक्रमाच्या तीन रात्री निवडा. लग्नाची पंगत, जत्रा, उपवास, जड काम असलेले दिवस टाळा. लागोपाठ नसल्या तरी चालतील. प्रत्येक रात्री चार वेळा मोजायचं:

- रात्री जेवणाआधी
- झोपताना, म्हणजे साधारण १० ते ११
- पहाटे ३ वाजता, गजर लावून
- सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी

लो, म्हणजे शुगर उतरणं, नेहमी एकच्या सुमारास होत असेल, तर तीनऐवजी एकचा गजर लावा. आकड्याशेजारी जेवणाची वेळ, काय आणि किती खाल्लं (दोन भाकरी की एक), सुईची वेळ आणि त्या दिवशीचं काम एवढं लिहा.

मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. हे सगळ्यांनाच लागू, पण तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षाच्या बागेत किंवा बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्यांनी विशेष पाळा. बोटाला फळाची साखर चिकटलेली असेल तर मीटर खोटी वाढलेली शुगर दाखवतो. मग खरी ७५ असताना १६० दिसते आणि माणूस काही न खाता झोपतो.

दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर रात्रभराचा आलेख आयता मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा: त्या दंडावर कूस दाबून झोपलं की सेन्सर खोटी लो दाखवतो. आलेख अचानक खड्ड्यात जाऊन कूस बदलताच वर आला, तर बोटाने मोजून खात्री करा.

मोजणी चालू असताना शुगर ७० च्या खाली आली, तर लिहीत बसायचं नाही, आधी उपचार. ते आठव्या पायरीत आहे.

४. आकडे वाचा

सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ७० च्या खाली म्हणजे लो. ५४ च्या खाली गंभीर. दुसऱ्याची मदत लागली, शुद्ध गेली किंवा झटका आला तर आकडा कितीही असो, ती तीव्र लो.

*झोपण्याआधीच किंवा ११-१२ च्या आत उतरते.* याचा दोष बहुतेक वेळा जेवणाच्या इन्सुलिनकडे जातो. सुई घेतली आणि जेवण कमी झालं, उशिरा झालं, किंवा ताटात भाकरी-भात नव्हता, नुसती आमटी नि भाजी होती. लांब टिकणारं इन्सुलिन इथे बदलून उपयोग नाही.

*एक ते तीनच्या दरम्यान उतरते, सकाळी ठीक किंवा जास्त असते.* एनपीएच किंवा मिक्स घेणाऱ्यांचं हे नेहमीचं चित्र. हिशेब करून बघा. साडेसातला मिक्स्टार्ड, आठला जेवण. त्यातल्या एनपीएचचा जोर साडेअकरा ते साडेपाच. जेवण तर बाराच्या आत जिरलेलं. पोटात काही नाही आणि इन्सुलिन ऐन जोरात. शिवाय मध्यरात्रीनंतरचे पहिले दोन-तीन तास असे असतात, की शरीराला इन्सुलिन सगळ्यात कमी लागतं.

*झोपल्यापासून पायरी पायरीने पहाटेपर्यंत उतरत जाते.* झोपताना १६०, तीनला ११०, सकाळी ७०. हे लांब टिकणारं इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त असल्याचं लक्षण. झोपताना ते सकाळ यांत ५० किंवा जास्त फरक रोज पडत असेल, तर डॉक्टरांना तो आवर्जून दाखवा. टाइप २ असलेल्यांनी आणखी एक तपासावं: लांब टिकणाऱ्या इन्सुलिनचा रोजचा डोस वजनाच्या दर किलोमागे अर्ध्या युनिटच्या वर गेला आहे का? ६० किलोच्या माणसाला ३० युनिट. त्यापुढे हेच इन्सुलिन वाढवत राहण्याऐवजी जेवणानंतरच्या शुगरसाठी वेगळा उपाय लागतो का, हे डॉक्टर बघतात.

*तीनला ठीक, सकाळी वाढलेली.* पहाटे चार ते आठच्या दरम्यान शरीरातली काही संप्रेरकं शुगर वर ढकलतात. डोसची चूक असेलच असं नाही. पण सकाळचा १९० बघून रात्रीचं इन्सुलिन वाढवलं जातं आणि पुढच्या आठवड्यात तीनला लो सुरू होते. पहाटे तीनचा आकडा हातात नसताना सकाळच्या शुगरवरून रात्रीचा डोस कधीही वाढवू नका. या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा.

मोजलं नसलं तरी काही खुणा असतात. सकाळी डोकं जड, उशी-बनियन ओली, भयानक स्वप्नं, उठल्यावर विसरभोळेपणा, चिडचिड. वयस्कर माणसांत घाम येईलच असं नाही, नुसतं असंबद्ध बोलणं किंवा रात्री उठताना पडणं एवढंच दिसतं. बीपीच्या काही गोळ्यांनी धडधड जाणवत नाही, पण घाम येतो.

५. वेळ कशी हलवायची

*एनपीएच रात्री जेवताना घेत असाल आणि एक-तीनला लो होत असेल,* तर डॉक्टर बहुधा सुई जेवणावरून उचलून झोपण्याच्या वेळेवर, १० ते ११ वाजता नेतात. मग जोर पहाटे तीनच्या पुढे सरकतो, जिथे शरीराची गरजही वाढत असते. नुसती वेळ बदलून, तेवढ्याच युनिटमध्ये, पुष्कळ जणांची मधली लो थांबते.

*मिक्स मात्र असं हलवायचं नाही.* शेजारच्या काकांची "रात्रीची सुई" झोपताना केली आणि त्यांना बरं वाटलं, म्हणून तुमची मिक्स्टार्ड रिकाम्या पोटी झोपताना घेतलीत, तर त्यातलं ३० टक्के साधं इन्सुलिन जेवणाशिवाय अंगावर येईल. मिक्समध्ये रात्रीची लो सुटत नसेल तर डॉक्टर दोन मार्ग बघतात: रात्रीचा डोस कमी करणं, किंवा मिक्स सोडून जेवणाचं वेगळं आणि लांब टिकणारं वेगळं करणं. दुसऱ्या मार्गात सुया वाढतात, खर्च वाढतो, पण रात्री हातात येतात. वारंवार लो होणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा.

*ग्लार्जिन रात्री घेत असाल आणि लो होत असेल,* तर डोस कमी करणं हा पहिला विचार. लो होत असताना साधारण १० ते २० टक्के कपात करतात, म्हणजे २० युनिटचे १६ ते १८. त्यानेही भागलं नाही, तर सुई सकाळी नेतात. मग दिवसाच्या शेवटी ओसरणारा भाग पहाटेवर येतो. मात्र एकदम रात्री दहावरून सकाळी सातवर उडी मारली, तर मधे नऊ तासांची पोकळी राहते, आणि दोन्ही वेळा पूर्ण डोस घेतला तर दुप्पट होतो. त्यासाठी बदलाच्या रात्री अर्धा डोस आणि सकाळपासून पूर्ण, किंवा रोज एक-दोन तास सरकवत नेणं, अशा पद्धती आहेत. तुमच्यासाठी कोणती, हे डॉक्टरांकडून युनिटसकट लिहून घ्या. तोंडी ऐकलेलं घरी येईपर्यंत बदलतं.

*टूजिओ आणि डेग्लुडेक* मुळात एवढे सपाट आहेत की वेळ हलवून फारसा फरक पडत नाही, डोसच बघावा लागतो. आणि बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. आज दोन युनिट कमी केली आणि उद्या सकाळी फरक नाही म्हणून आणखी कमी, असं करू नका.

दोन कडक नियम. एक: एका वेळी एकच बदल. वेळ, डोस, जेवण आणि गोळी एकाच आठवड्यात बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. दोन: टाइप १ मधुमेह असलेल्यांनी (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) लांब टिकणारं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, रात्री लो झाली तरी नाही. ते थांबलं की एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचतं आणि आयसीयूत जावं लागतं.

सुई घेतली की नाही हे आठवत नसेल, तर पुन्हा घेऊ नका. शुगर मोजा, डॉक्टरांना विचारा. घेतल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक करायची सवय लावली तर हा प्रसंगच येत नाही. राहिलेला डोस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नाही. डेग्लुडेकमध्ये दोन सुयांत निदान आठ तासांचं अंतर लागतं.

६. टोचण्याच्या चुका, ज्या डोसच्या चुका वाटतात

गाठी. रोज एकाच जागी टोचलं की पोटावर किंवा मांडीवर रबरासारखा फुगवटा येतो. तिथे दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचतात. गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम. शुगर वाढते, डोस वाढतो, आणि एक दिवस नव्या ताज्या जागी टोचलं की तो सगळा वाढीव डोस रात्रीत कामाला लागतो. आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरवून गाठी चाचपा. गाठ सोडून नवी जागा धरायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, बहुतेक वेळा डोस उतरवावा लागतो. जागा रोज बोटभर सरकवा.

उन्हाने गेलेलं इन्सुलिन हाही तसाच सापळा. एप्रिल-मे महिन्यात जत, आटपाडी, माण, खटावकडे पारा चाळिशीला भिडतो. पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवलेली बाटली हळूहळू निकामी होते, शुगर वाढते, डोस वाढतो, आणि नवी बाटली उघडली की त्याच वाढलेल्या डोसने लो. नवी बाटली सुरू केल्याच्या पहिल्या दोन-तीन रात्री तीनला मोजा. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून, पाणी न लागेल अशी, माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरा आणि उघडल्याची तारीख वर लिहा. बर्फाला टेकून गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं, वितळलं तरी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीकरांना रातोरात घरं सोडावी लागली. नदीकाठच्या घरांनी पावसाळाभर इन्सुलिन, सुया, मीटर आणि ग्लुकोज एकाच पिशवीत, हाताला येईल असं ठेवावं.

गढूळ इन्सुलिन नीट न मिसळणं. एनपीएच आणि मिक्स घेण्याआधी तळहातांत दहा वेळा गोल फिरवा, मग दहा वेळा उलटसुलट करा. जोरात हलवून फेस आणू नका. खाली बसलेला भाग तसाच राहिला तर आज कमी, उद्या जास्त असा डोस जातो. ग्लार्जिन मात्र दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नाही.

उष्णता आणि चोळणं. सुईनंतर ती जागा चोळली किंवा कडक गरम पाणी घेतलं तर इन्सुलिन लवकर रक्तात जातं. दिवाळीच्या पहाटे तेल लावून अभ्यंग करताना हे विसरतं. सकाळी सुई घेणाऱ्यांनी आधी आंघोळ, मग सुई.

७. दिनक्रम मोडणाऱ्या रात्री

आपल्याकडची मोठी अडचण शेतीच्या लाइटची. रात्रीची पाळी आली की बारा-एकला मोटर चालू करून उसाला पाणी पाजायला जावं लागतं. एनपीएचचा जोर, रिकामं पोट आणि चिखलातून दारं मोडत फिरणं, तिन्ही एका वेळी. आणि शिवारात एकटा माणूस. अशा रात्री निघण्याआधी मोजा. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाल्ल्याशिवाय बांध ओलांडू नका; १०० ते १५० असेल तरी अर्धी भाकरी-दूध किंवा मूठभर फुटाणे खाऊन जा. खिशात ग्लुकोज, मोबाइलला चार्ज, आणि घरच्यांशी दर तासाला फोनचं ठरलेलं असू द्या. मोटरची पाळी आठवड्याआधी माहीत असते, तेव्हा त्या रात्रींचा डोस काय असावा हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

दिवसा केलेल्या जड कामाचा परिणामही रात्री येतो. ऊसतोड, हळद काढणी, आडसाली लागण अशा कामानंतर स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात. काम संध्याकाळी सहाला संपलं आणि लो पहाटे तीनला आली, तर तीनचं कारण सहात आहे. लोणंद-फलटणच्या वाटेने वारीबरोबर चालणाऱ्यांनाही हेच लागू. पहिल्या मुक्कामाआधीच डोस कमी करून घेतलेला बरा.

साखर कारखान्याच्या रात्रपाळीत झोपणं-जेवणं उलटं होतं. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर एनपीएचसारखं चढ असलेलं इन्सुलिन जुळवणं कठीण जातं. हंगाम सुरू होण्याआधीच सपाट चालणाऱ्या इन्सुलिनबद्दल विचारा.

उपवास: संकष्टीला जेवण चंद्रोदयानंतर होतं, म्हणून जेवणाचं किंवा मिक्स इन्सुलिनही तेव्हाच, सवयीने साडेसातला घ्यायचं नाही. निर्जळी एकादशी आणि नवरात्रीचे नऊ दिवस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरू नका. मिरज-सांगलीत रोजे ठेवणाऱ्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डोस ठरवून घ्यावा. आणि उपवास धरला असला तरी शुगर ७० च्या खाली गेली की उपवास तिथेच सोडायचा.

दारू. यकृत रात्री रक्तात साखर सोडत असतं, दारू ते काम थांबवते. लो चार-सहा तासांनी, गाढ झोपेत येते, आणि घरच्यांना वाटतं नशा आहे. अशा माणसाला "झोपू दे" म्हणायचं नाही, मोजायचं.

इन्सुलिनबरोबर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही शुगरची गोळी संध्याकाळी चालू असेल, तर दोन्ही मिळून रात्री उतरवतात. मूत्रपिंड कमजोर झालं असेल तर इन्सुलिन शरीरातून उशिरा बाहेर पडतं, जुना डोस अचानक जड होऊ लागतो. वर्षानुवर्षं जमलेला डोस कारण नसताना लो करू लागला, तर क्रिएटिनिन तपासा.

८. रात्री लो झालीच तर

शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल: सपाट तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्ध्या पेला पाण्यात, लगेच. १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत. वर आली की अर्धी भाकरी, पोळी किंवा कपभर दूध, कारण लांब टिकणारं इन्सुलिन अजून चालूच आहे आणि नुसती साखर तासाभरात ओसरेल. डेग्लुडेक किंवा टूजिओ असेल तर पहाटेपर्यंत दोनदा तरी मोजा.

पेढा देऊ नका. साताऱ्यात घरोघरी कंदी पेढा असतो आणि हात आधी त्या डब्याकडे जातो. पण खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. चॉकलेट, बिस्किट, लाडू यांचंही तेच. गुळाचं पाणी चालतं, खडा चघळत बसायला वेळ नसतो.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही शुगरची गोळी चालू असेल तर साखर आणि गूळ दोन्ही निरुपयोगी ठरतात, कारण ती गोळी साखर फोडूच देत नाही. अशा घरी ग्लुकोज पावडरच पाहिजे. मेडिकलमधून आणतानाच पुड्यावर ग्लुकोज लिहिलंय का बघा.

शुद्ध नसेल, झटका आला असेल, गिळत नसेल: तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ग्लुकागॉनचं (शुगर चढवणारं) इंजेक्शन घरी असेल आणि शिकवलेलं असेल तर द्या. गाव आडवळणाला असेल, पाटण-जावळीच्या डोंगरात किंवा जतच्या वाड्या-वस्त्यांवर, तर रात्री कुणाची गाडी मिळते आणि जवळचा चोवीस तास उघडा दवाखाना कोणता, हे आजच भिंतीवर लिहून ठेवा. शिरेतून ग्लुकोज देऊन माणूस उठून बसला तरी लगेच घरी आणायची घाई करू नका. लांब टिकणारं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर शुगर पुन्हा उतरू शकते.

९. डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

तीन रात्रींची वही, खोकं, वापरातली सिरिंज, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट. आत गेल्यावर "रात्री लो होते" एवढंच न सांगता असं सांगा: "मिक्स्टार्ड ३०/७०, रात्री साडेसातला १८ युनिट, जेवण आठला, दोन भाकरी. तीनपैकी दोन रात्री पहाटे एकला ५८ आणि ६२, सकाळी १७०." मग हे विचारा:

- माझ्या इन्सुलिनचा जोर किती वाजता असतो?
- वेळ बदलायची की डोस? बदलाच्या पहिल्या रात्री किती युनिट?
- झोपताना किती शुगर असली तर खाऊन झोपायचं? सत्तरीच्या पुढच्या माणसांसाठी, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी हा आकडा वर ठेवतात.
- रात्री पाणी पाजायला जाण्याच्या दिवशी आणि उपवासाला काय करायचं?
- किती दिवसांनी आकडे कळवायचे?

५४ च्या खालची एकही लो, किंवा दुसऱ्याची मदत लागलेली एकही रात्र, पुढच्या तारखेची वाट बघण्यासारखी नाही. त्याच दिवशी, पुढची सुई घेण्याआधी फोन करा. आणि बदल झाल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री पुन्हा तीनचा गजर लावा.